नऊ तक्रारी आणि एक सही

तीन वर्षांत गावातून एकही तक्रार आली नाही, हे राजधानीतल्या कॅथलिक मदत कार्यालयाला अजिबात रुचलं नाही. पत्रात तसं स्वच्छ लिहिलं होतं. तक्रार नाही म्हणजे एकतर लोक दबलेले आहेत, नाहीतर समिती झोपलेली आहे. लोकांना तक्रारच नसेल, ही तिसरी शक्यता फॉर्मवर छापलेली नव्हती. तेव्हा सोबतची निळी पेटी कोठाराच्या दाराशी टांगावी आणि महिन्याभरात निदान आठ तक्रारी जमवाव्यात. तोवर म्बूर शहरातल्या गोदामातली बाजरी जागची हलणार नाही.

ओनोरीन बाखूमने पत्र दोनदा वाचलं. चर्चच्या मदत समितीची ती अकरा वर्षं बिनपगारी चिटणीस. कुणाच्या घरी किती तोंडं, त्यातली खरी किती आणि बाजरी वाटायच्या दिवशी मावशीकडून उसनी आणलेली किती, हे तिला वही न उघडता सांगता यायचं. यादीत साठ घरं होती. अकरा चर्चची, एकोणपन्नास मशिदीची. जुलै लागला होता, जुनी बाजरी संपली होती आणि नवी गुडघ्याएवढीच होती. बहुतेक चुली दिवसातून एकदा पेटत होत्या. पोती या महिन्यात आली नसती, तर एकदाही पेटल्या नसत्या.

म्हणून ती दारोदार तक्रारी मागत फिरली.

"अन्न तुम्ही देणार आणि वर बोल लावायचे आम्ही?" विहिरीवर कुंबा म्हणाली. "माझ्या सासूला कळलं तर आजच्या आज माहेरी पोचवेल मला."

"काहीतरी असेलच की गं."

"मागच्या वर्षी एका पोत्याला भोक होतं. पण ते नको लिहूस. त्या लोकांना वाईट वाटेल."

इमामसाहेबांनी तर शुक्रवारच्या नमाजानंतर जाहीरच केलं, की फादरच्या पेटीत तक्रारी टाका, त्यांना फार गरज आहे. लोकांनी मान डोलावली. पेटीत दोन चिठ्ठ्या पडल्या, दोन्ही आभाराच्या. ओनोरीनला हे ठाऊक होतं, कारण त्या तिच्याकडूनच लिहून घेतल्या होत्या. ज्या भाषेत कार्यालय वाचतं ती फ्रेंच गावात धड लिहिणारी तीच एक होती.

शेवटी ती हमादी वानच्या दुकानापुढे जाऊन बसली. हमादी शिंपी होता, जमातीने तुकुलोर, आणि ओनोरीन सेरेर. म्हणजे दोघांचं थट्टेचं नातं. पणज्याच्या पणज्यापासून चालत आलेलं. सेरेराने तुकुलोराला आपला गुलाम म्हणायचं, तुकुलोराने सेरेराला. चोर म्हणायचं, खादाड म्हणायचं, भर लग्नात म्हणायचं, मयताला जाऊनही म्हणायचं. चिडला तो हरला. बाकी गावाला तक्रारीची लाज वाटत होती. या एका नात्यात मात्र न बोलणंच असभ्यपणाचं होतं.

"सेरेरविरुद्ध तक्रार?" हमादीने मशीन थांबवलं. "आणि ती राजधानीत जाणार? साठ वर्षं वाट बघतोय मी. आण कागद."

"सांग पटपट. चहाचा दुसरा पेला येईस्तोवर संपव."

"लिही. ही ओनोरीन बाखूम माझ्या आजोबांची पळून आलेली गुलाम आहे."

"आजोबांना स्वतःची बकरी सांभाळता येत नव्हती म्हणतात."

"मध्ये बोलू नको, लिही. बाजरी मोजताना अर्धी तोंडात टाकते. तिचा बांधा बघितला तर पुरावा वेगळा लागणार नाही."

ओनोरीनने हसत हसत लिहून घेतलं आणि दोन ठिकाणी त्याची वाक्यंही सुधारून दिली. बातमी फिरली. संध्याकाळपर्यंत तुकुलोरांची नऊच्या नऊ घरं ओळीने येऊन बसली. म्हाताऱ्या दाक्ताने तर ओनोरीनने तिच्या वाट्याची झोपसुद्धा चोरल्याचं लिहायला लावलं. आठ हव्या होत्या, नऊ झाल्या. ओनोरीन घरी गेली ती एक वरकड जमवल्याच्या समाधानात.

पुढच्या मंगळवारी पेटीची किल्ली घेऊन राजधानीच्या कार्यालयातून मादाम गोदलीव्ह आल्या. त्या बेल्जियमच्या. देशात येऊन त्यांना आठ महिने झाले होते, त्यातले सात बैठकीत गेले होते. त्यांनी पेटी उघडली, पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, आणि पाचव्यापर्यंत त्यांचे ओठ पांढरे पडले.

"गुलामगिरी," त्या म्हणाल्या. "आमच्या पैशावर."

"मादाम, ती थट्टा आहे," ओनोरीन म्हणाली.

"आरोपी नेहमी हेच म्हणतात. प्रशिक्षणात आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

फादर आन्सेल्म आले आणि त्यांनी नात्याचा सगळा इतिहास सांगितला. मादामनी तो शांतपणे ऐकला आणि 'चर्चकडून पाठराखण' असं टिपून घेतलं. मग हमादीला बोलावलं.

"घाबरू नका," मादाम त्याला म्हणाल्या. "हे खरं आहे का?"

"नाही हो मादाम, थट्टा आहे," हमादी म्हणाला. आता इथे तो थांबला असता तर बरं झालं असतं. "सगळेच सेरेर आमचे गुलाम असतात. कुणालाही विचारा. आम्ही त्यांना चांगलंच वागवतो."

मादामनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी कागद ओळीने मांडले आणि विचारलं, "नऊही तक्रारी एकाच हातच्या कशा?"

"मीच लिहिल्या," ओनोरीन म्हणाली.

"म्हणजे तुमच्याच हस्ताक्षरात तुमची कबुली आहे."



मादाम दुष्ट नव्हत्या, त्यांच्याकडे फक्त फॉर्म होता. त्यात दोन चौकोन होते. पहिला: तक्रार खोटी. त्यावर खूण केली, तर खोटं बोलल्याबद्दल नऊ घरं यादीतून बाद, पेटी पुन्हा रिकामी आणि बाजरी गोदामात. दुसरा: तक्रार मान्य. चिटणीस पायउतार, तक्रारदारांचा प्रतिनिधी कोठारप्रमुख, आणि गुरुवारी गाडी दारात. खूण आरोपीने करायची होती, खाली सहीसुद्धा.

ओनोरीनने पेन घेतलं. अकरा वर्षांची चिटणिशी जाणार, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. बिनपगारी काम जाण्यात बुडतं ते काय? पण एका सेरेराने तुकुलोराची गुलामी मान्य करायची, तीही लेखी, आणि समोर तो तुकुलोर बसलेला असताना. असं आजवर कुणी केलं नव्हतं. तिचा बाप मरताना घसा बसला असूनही हमादीच्या बापाला 'माझा गुलाम आला का' म्हणून विचारून गेला होता.

"नको गं," हमादी हळूच म्हणाला. "नऊ घरं बाद होऊ देत, बाजरी राहू दे गोदामात. सगळेच काढू तीन महिने कसेतरी."

"दाक्ता काढेल?"

ओनोरीनने दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली.

गुरुवारी गाडी आली. कोठारप्रमुख हमादी वान खुर्चीवर बसला. त्याला फ्रेंच वाचता येत नव्हतं, म्हणून मदतनीस ओनोरीन नावं वाचत होती, मापं घेत होती आणि टिपत होती, म्हणजे आधीसारखंच. मादाम बाजूला वही घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोर एक वाकडा शब्द गेला की उरलेली पोती परत जातील, हे रांगेतल्या पोरांनाही कळलं होतं. एकोणसाठ घरं मयताच्या घरी आल्यासारखी शांतपणे बाजरी घेऊन गेली. शेवटी हमादीच्या घराची पाळी आली. तो उठला, टोपी काढली आणि म्हणाला, "आभारी आहे, बाई."

ओनोरीनने खाली पाहिलं. "यात कसले आभार, साहेब."

'दोन्ही समाजांत आता परस्पर आदर दिसतो,' मादामनी लिहिलं. मग त्या समाधानाने गाडीत बसून निघून गेल्या.

गाडीची धूळ खाली बसली.

"चल, गेली ती," ओनोरीन म्हणाली. "बोल काहीतरी. साहेब म्हणून म्हणून जीभ वाळली माझी."

"काय बोलू?" हमादी म्हणाला. "तू सही केलीस. आता बोललो तर खरंच वाटेल. तुझ्या बापाला वर काय तोंड दाखवू?"

हे असं होईल असं तिला वाटलं नव्हतं. बाजरी आली होती, पण समोरचा माणूस सासरी आलेल्या जावयासारखा अवघडून उभा होता.

"तो कागद कुठल्या भाषेत आहे?"

"फ्रेंचमध्ये."

"आपण फ्रेंचमध्ये कधी भांडलोय?"

हमादीने टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना लबाडपणा आला.

"नाही खरं," तो म्हणाला. "मग उभी काय राहिलीस खांबासारखी? धन्याचं पोतं घरी कोण नेणार?"

"धनी म्हणे. एका मापात तीनदा शिंकणारा धनी. तुकुलोरांनी बाजरी पिकवलेली बघितली नाही कुणी, खाल्लेली तेवढी बघितली."

"उचल म्हणतो ना."

ओनोरीनने एक टोक धरलं. दुसरं हमादीला धरावंच लागलं. गुलामी कितीही सिद्ध झाली, तरी पोतं पन्नास किलोंचं होतं.