शेंगेचं दूध

माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं डेअरीत दूध तपासलं. सकाळी टँकर आले की ते प्रत्येकातला घोटभर नमुना तोंडात घेत, गालातल्या गालात खळखळवत, बेसिनमध्ये थुंकत आणि निकाल देत. "हा ठीक." "हा कालचा." "या गाईंनी कांद्याची पात खाल्लीये." मशीन तेच सांगायचं, पण पंधरा मिनिटांनी.

त्यामुळे माझी मुलगी वर्षाची झाली आणि तिला वरचं दूध सुरू करायचं ठरलं, तेव्हा दूध कुठलं आणायचं हे विचारायची कुणाची टाप नव्हती. बाबांनी स्वतः निवडून आणलं, स्वतः कोमट केलं. गोटी आनंदाने प्यायली. (गोल गरगरीत, एका जागी न थांबणारी, म्हणून गोटी.) अर्ध्या तासात तिच्या अंगावर लाल गांधी उठल्या आणि प्यायलेलं सगळं बाबांच्या शर्टावर आलं.

दुसऱ्यांदाही तेच झालं. मग तपासण्या झाल्या आणि आम्ही डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो.

"गाईच्या दुधातली प्रथिनं हिला सोसत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग शेळीचं देऊ?" बाबा म्हणाले.

"त्यातली प्रथिनं जवळपास तशीच असतात."

"म्हशीचं?"

"तेही तसंच."

"मेंढीचं—"

"आजोबा, गोठा संपला," डॉक्टरीणबाई हसल्या. "आता शेताकडे वळू या."

त्यांनी सोयाचं दूध लिहून दिलं. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं घातलेलं, बिनसाखरेचं. पहिले काही दिवस तेही सोसतंय का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं. ओटचं किंवा तांदळाचं आपल्या मनाने सुरू करू नका, ओटच्या दुधात प्रथिनं कमी असतात आणि तांदळाचं इतक्या लहान मुलांना रोज देत नाहीत, असंही बजावलं.

बसमध्ये बाबा डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी उलटसुलट करून वाचत होते. तिसऱ्या स्टॉपला म्हणाले, "शेंगेचं दूध म्हणे! शेंगेला कास कुठली?"

गोटीला सोया सोसलं. आवडलं मात्र नाही. पहिले तीन दिवस ती दोन घोट घेऊन कप बाजूला सारायची. चौथ्या दिवशी तिने तोंड भरून घेतलं आणि असा फवारा मारला की पडदा धुवायला टाकावा लागला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. त्या दिवशी एका गिऱ्हाईकाच्या नाकावर नवा चष्मा बसवला, तर त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसला तो माझ्या बाहीवरचा डाग. "बाळ लहान आहे वाटतं?" ते म्हणाले. मी कसंबसं हसून बाही दुमडली. वर्षाचं लेकरू दूध पीत नाही म्हटल्यावर घास उतरतो का आपल्या घशाखाली?

रविवारी सकाळी उठून स्वयंपाकघरात गेले आणि दारातच थबकले. बाबा कामावरचा पांढरा कोट घालून ओट्यापाशी उभे होते. पुढे सहा वाट्या, प्रत्येकीखाली चिठ्ठी, शेजारी थर्मामीटर.

"बाबा, हे काय?"

त्यांनी बोट वर करून मला गप्प केलं. गाल खळखळले. सिंकमध्ये थुंकून ते म्हणाले, "अगं, तू पाकीट हलवत नाहीस."

"म्हणजे?"

"यात घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. वरचं ओतलंस की नुसतं पाणचट. पोरगी तीन दिवस पाणी प्यायली आणि चौथ्या दिवशी खडू! मीही फवारा मारला असता."

"आणि या वाट्या?"

"तीन कंपन्यांचं. प्रत्येकाचं एक गार, एक कोमट. सगळी पाकिटं तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यासारखीच आहेत, वाचून घेतलीयेत." मग जरा ओशाळून म्हणाले, "ही चौथी वाटी बघ. वाईट नाही. म्हणजे दूध नाहीच ते. पण वाईट नाही."

गोटी उठली. तिला उंच खुर्चीत बसवून बाबांनी दोन कप भरले, एक तिचा, एक आपला. आधी आपल्या कपातला घोट घेऊन त्यांनी सवयीने गाल खळखळवले. गोटी टक लावून बघत होती. तिनेही घोट घेतला, गाल फुगवले, खळखळवले आणि अगदी आजोबांसारखी मान वळवून जमिनीवर थुंकली.

माझा नवरा दारातून म्हणाला, "घ्या! डेअरीला माणूस मिळालं."

बाबा हसत सुटले. डोळे पुसत त्यांनी पुन्हा घोट घेतला आणि या वेळी गोटीला दिसेल असा, गळ्याची घाटी हलवत, गिळला. "आऽऽ" केलं. गोटीने त्यांच्या गळ्याला हात लावून पाहिला. मग कप दोन्ही हातांनी धरला आणि गटागटा प्यायली. रिकामा कप टेबलावर आपटून म्हणाली, "आऽऽ!"

दोन महिने आमच्या घरी रोज सकाळी दोघांचं असंच चाललं. बाबांना शेंगेचं दूध आवडायला लागलं, हे त्यांनी डेअरीतल्या जुन्या सोबत्यांना कळू दिलं नाही.

परवा वजन करायला गेलो. काटा बघून डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. "छान! बरीच मुलं जरा मोठी झाली की यातून बाहेर पडतात. पुढे माझ्या देखरेखीखाली गाईचं दूध थोडं थोडं देऊन बघू."

मला वाटलं, बाबा लगेच तारीख विचारतील. पण ते गोटीच्या बुटाचा बंद बांधत होते.

"घाई नाही हो," ते मान वर न करता म्हणाले. "आमचं मजेत चाललंय."

बाहेर पडल्यावर गोटीने बागेतल्या घसरगुंडीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे वळूनही न बघता दोघं रस्त्यापलीकडे निघाले.