भुशावर चालणारी मिल

दवनीवाडा गावात वीज दिवसातून कितीतरी वेळ गायब असायची, तेव्हाची गोष्ट. तिलकच्या राइस मिलचं डिझेल इंजिन दिवसभर काळा धूर ओकायचं आणि मिलमागे धानाच्या भुशाचा ढीग वाढत जायचा. थेंबभरही डिझेल न जाळता, त्याच भुशावर मिल चालवायची, असं तिलकच्या मनानं घेतलं.

"धानानं हवेतून जे घेतलं, तेच जाळल्यावर हवेत वापस जाते," तो बायकोला, ओमेश्वरीला, समजावायचा. "जमिनीतलं तेल काढून नवा धूर कायले चढवाचा?"

ओमेश्वरी हसायची; पण भुसा चाळायला पदर खोचून तीच बसायची. दोन वर्षं खपून तिलकनं उंच लोखंडी भट्टी उभी केली. तिच्यात कोंडलेला भुसा धुमसायचा आणि निघालेला गॅस पाण्यातून धुऊन इंजिनात जायचा. इंजिन नुसत्या भुशावर पहिल्यांदा धडधडलं, तेव्हा त्याचे वडील मनोहरलाल अनवाणीच मिलकडे धावले. तोवर ते "पोट्टा पागल झाला" म्हणत होते.

पौषातल्या एका दुपारी वारा सुटला. भुसा उडू लागला म्हणून तिलकनं इंजिनाच्या खोलीची दारं-खिडक्या लावून घेतली. पाइपाचा एक सांधा ढिला झाला होता, तो आवळायला बसला. ओमेश्वरी डबा घेऊन गेली, तर तो भिंतीला टेकलेला, पाना मांडीवर. झोप लागली असेल, असं तिला वाटलं.

"अजी, उठा न. भाजी थंडी होऊन राहिली."

तो उठला नाही. त्याला ओढत बाहेर आणताना तिलाही भोवळ आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, भट्टीतून गळणारा हा विषारी वायू दिसत नाही, माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मनोहरलालनी भट्टीसमोर घण उचलला. तेवढ्यात फाटकाशी मोटरसायकल थांबली. बोदलकशाकडचा टेकचंद उतरला. त्याचीही छोटी मिल होती.

"तिलकभाऊनं भट्टी पाहाले बोलावलं होतं. घरी आहेत काय?"

मनोहरलालच्या हातून घण सुटला. ते शेताकडे निघून गेले. काय झालं ते ओमेश्वरीनंच सांगितलं. टेकचंद खाली मान घालून परत वळला.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "आले तं पाहून जा. पहिले ही खोली पाहा. अशी खोली बांधूच नोका. सारं उघड्यावर ठेवा."

मग दारं-खिडक्या सताड उघडून, सांधा आवळून तिनं भट्टी पेटवली. टेकचंद विचारत गेला, ती सांगत गेली. तिलकचे शब्द आपल्या तोंडून निघताहेत, हे जाणवलं तेव्हा तिनं खांब धरला. पण बोलणं थांबवलं नाही.

पुढच्या हंगामात टेकचंदची मिल मोकळ्या टिनाच्या शेडखाली भुशावर सुरू झाली. नारळ फोडायला त्यानं दोघांनाही बोलावलं. मनोहरलालचं पाऊल उचललं नाही. संध्याकाळी सून परतली, तेव्हा ते अंगणात उभेच होते.

"चालते काय?"

"चालते, मामाजी."

"आवाज... आपल्यासारखाच आहे काय?"

"तसाच आहे."

त्यांनी मान हलवली. आत जायला वळले, पण उंबरठ्यावरच बसले. मुलाच्या सरणापाशीही न रडलेला तो म्हातारा सुनेदेखत हुंदके देऊन रडू लागला. ओमेश्वरी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. त्यांना उगी करण्याचं बळ तिच्यातही नव्हतं.