शेकोटीची चाचणी

मुलांना थंडीत तगून राहायला शिकवणारी आमची हिवाळी कौशल्य स्पर्धा ठरते ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात, हीटरला पाठ लावून. पेशंट गेले की बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं जमतो. भिंतीवर किडलेल्या दाढेचं भलंमोठं चित्र, कोपऱ्यात माशांची काचपेटी, आणि उकाडा इतका की विमावाले स्वेटर काढून मांडीवर घेऊन बसतात. बाहेर गुडघाभर बर्फ असतो. त्या बर्फात कसं वागावं यावर आम्ही बिस्किटं खात चर्चा करतो.

समिती थोर आहे. अध्यक्ष म्हणजे सर. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे जगातल्या यच्चयावत बर्फाळ प्रदेशांशी त्यांची घसट आहे, फक्त नकाशावरून. चिटणीस म्हणजे दवाखान्याचे मालक, डॉक्टर. गावातलं सगळ्यात मोठं स्काउट पथक त्यांचंच. सुरक्षाप्रमुख विमावाले, या गृहस्थांना पोराच्या हातात चमचा दिसला तरी पुढचा अपघात दिसतो. चौथी मी, चष्म्याच्या दुकानात काम करणारी. समितीत एखादी बाई असावी असं कुणाला तरी वाटलं, आणि बिस्किटंही कुणी तरी आणायला हवी होती.

माझं पथक म्हणजे पाच मुली. त्यांची नायिका माझी भाची. बहिणीची मुलगी, शाळेसाठी माझ्याकडे राहते. आधी ती डॉक्टरांच्या पथकात होती. तिथे मुलगे तंबू ठोकायचे आणि मुली खुंट्या धरून उभ्या राहायच्या. वर्षभर खुंट्या धरल्यावर एक दिवस ती घरी येऊन म्हणाली, "मावशी, मला पण ठोकायची आहे खुंटी." मग आम्ही वेगळं पथक काढलं. आज या पाचजणी बर्फात, ओल्या लाकडावर शेकोटी पेटवतात. ते बघताना माझ्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते धुराचं नसतं.

संघटनेचा नियम असा, की लागोपाठ दोन वर्षं स्पर्धेत न उतरलेलं पथक मोठ्या पथकात विलीन करायचं. मागच्या वर्षी पथकातल्या दोघींना ऐन वेळी कांजिण्या आल्या आणि आम्ही घरी बसलो. यंदा उतरणं भागच होतं. इतर सगळ्या खेळांना आठजण लागतात. पाचांत भागेल असा खेळ एकच, शेकोटी. म्हणजे शेकोटी राहिली तर आमचं पथक राहणार. नाही तर माझी भाची परत डॉक्टरांकडे खुंट्या धरायला.

आता मध्ये होती ती चाचणी. संस्थापकांनी मोठ्या सद्भावनेनं नियम करून ठेवलाय, की जे समितीनं स्वतः करून पाहिलं नाही ते मुलांना करायला सांगू नये. बिचाऱ्यांना वाटलं असेल, त्या निमित्तानं समिती चार गोष्टी शिकेल. समितीनं तसलं काही केलं नाही. जे आपल्याला जमत नाही ते धोक्याचं, असा सोयीचा अर्थ तिनं काढला. जाड हातमोजे घालून गाठी मारायचा एक खेळ होता. डॉक्टरांनी गाठ मारली ती आपल्या हातमोज्यासकट, शेवटी कात्री आणावी लागली. खेळ बाद. होकायंत्रावरून वाट शोधायची होती. सर निघाले टेकडीकडे आणि पोहोचले बेकरीत. तोही बाद. तंबू मात्र दवाखान्याच्या फरशीवर उभा राहिला, फोटो निघेपर्यंत टिकला आणि एकमतानं मंजूर झाला. बर्फावरची घसरगाडीसुद्धा मंजूर झाली. तिच्यात तिघंही आळीपाळीनं बसले, ओढली मी.

"राहता राहिली शेकोटी," डॉक्टर म्हणाले. "ती शनिवारी सकाळी रानात घेऊ. आमचं पथक काही यात नाही. मॅडम, तुमचं उतरणार ना? मग तुम्ही हात लावायचा नाही. स्पर्धक पथकाच्या माणसाचा हात लागला तर खेळ बाद."

"ठाऊक आहे. हात खिशात ठेवीन."

"सल्लाही नको हं," विमावाले म्हणाले. "सल्ला म्हणजे हातच की एक प्रकारे."

घरी भाची वाटच बघत होती. "पेटवणार कोण?" तिनं विचारलं. मी डॉक्टरांचं नाव घेतल्यावर तिनं कपाळावर हात मारला.

"त्यांना एवढं तरी सांग ना, की बर्फावर थेट लाकडं रचू नका म्हणावं. खाली जाड ओंडके टाकायचे. नाही तर बर्फ वितळतो आणि सगळं विझतं."

"सांगायचीही बंदी आहे."

"मग निदान कसंनुसं तोंड करून बघ तरी, म्हणजे कळेल त्यांना."

कसंनुसं बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. शनिवारी मी दोन्ही हात खिशात कोंबून, दातओठ खात उभी राहिले.

डॉक्टरांना फोटोत अस्सल रान हवं होतं, म्हणून गाडी रस्त्यावर सोडून आम्ही चांगलेच आत चालत गेलो होतो. त्यांनी बर्फावर थेट लाकडं रचली. रचली मात्र फार सुबक. दाढ भरावी तशी प्रत्येक फट काटक्यांनी बुजवून टाकली, हवेला शिरायला जागा म्हणून ठेवली नाही. विमावाल्यांनी भोवती दोरी बांधून सुरक्षित अंतर आखलं. ते इतकं सुरक्षित होतं की काडी लाकडापर्यंत पोहोचेना. मग दोरी आत घेण्याचा ठराव झाला. सरांनी अनुमोदन दिलं आणि ध्रुवीय प्रदेशातले लोक चरबीचे दिवे कसे लावतात ते सांगायला घेतलं. काड्या विझत होत्या, धूर होत होता आणि मी कसंनुसं बघत होते. कुणाचंही लक्ष नव्हतं.

"लाकूडच खराब दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"हवामान प्रतिकूल आहे," सर म्हणाले. मग ते प्रतिकूल हवामान नीट बघायला दोन पावलं मागे सरले आणि दिसेनासे झाले.

मागे चर होता, बर्फानं झाकलेला, खाली पाणी. सर गुडघ्यांपर्यंत आत गेले आणि तोल सावरायला दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. आम्ही तिघांनी त्यांना ओढून काढलं. विमावाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, तरी त्यांनी पहिला प्रश्न विचारलाच, "सर, हप्ता भरलाय ना यंदाचा?"

मी माझे हातमोजे, मफलर, कोरडे मोजे, होतं नव्हतं ते सरांना चढवलं. गाडीपर्यंत चालवत न्यावं, तर त्यांचे पाय उभेच राहत नव्हते. त्यांना एका ओंडक्यावर बसवलं. डॉक्टर दुप्पट जोमानं काड्या ओढायला लागले, त्याच ढिगावर, त्याच पद्धतीनं. सरांनी दातांवर दात आपटत पुन्हा चरबीच्या दिव्यांचं सुरू केलं आणि वाक्याच्या मध्येच थांबले. चाळीस मिनिटांच्या तासाला सत्तर मिनिटं बोलणारा हा माणूस. तो गप्प झाला तेव्हा मी घाबरले. हातमोजा काढून पाहिलं, तर त्यांची बोटं पांढरीफटक पडली होती आणि ती वाकत नव्हती.

हातमोजे सरांना दिल्यावर माझे हात पुन्हा खिशात गेले होते. ते तिथेच ठेवायचे, असं मी स्वतःला बजावत होते, कारण ते बाहेर काढले की माझ्या भाचीचं पथक संपलं. डॉक्टरांच्या हातातली आणखी एक काडी विझली. सर ओंडक्यावरून एका अंगाला कलायला लागले.

"व्हा बाजूला," मी म्हटलं.

"मॅडम, विचार करा हं—"

"बाजूला व्हा म्हणते ना!"

पोरींना शंभरदा करताना पाहिलं होतं. जाड ओंडके शेजारी शेजारी टाकून बर्फावर फळी केली. एक ओलं लाकूड चाकूनं उभं चिरलं. आतून ते कोरडंच असतं, तिथल्या ढलप्या काढल्या. झाडांच्या खालच्या, बर्फ न लागलेल्या वाळक्या काटक्या मोडून आणल्या आणि हवा खेळेल अशा मोकळ्या रचल्या. काडी लावली. आधी ढलप्या धरल्या, मग काटक्या, मग ओंडकेसुद्धा तडतडायला लागले. आम्ही सरांना जवळ बसवलं. बऱ्याच वेळानं त्यांची बोटं लाल झाली, दुखायला लागली, आणि सर "आई गं" म्हणाले. ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बर्फात बसकण मारली.

डॉक्टर आणि विमावालेही शेकोटीपाशी सरकले. हात शेकून झाल्यावर डॉक्टरांना आठवलं की ते चिटणीस आहेत.

"मॅडम, तुम्ही कमाल केलीत. पण नियम म्हणजे नियम. तुमचा हात लागला."

"शिवाय अपघात झालाच," विमावाले म्हणाले.

"तुम्हाला हे शिकवलं कुणी?" सरांनी कौतुकानं विचारलं.

"माझ्या भाचीनं. पथकातल्या मुलींनी."

"बघा!" डॉक्टर म्हणाले. "म्हणजे त्या पथकाला आधीपासूनच येतंय. इतर मुलांवर हा अन्याय नाही का? शेकोटी बाद करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

शेकोटीवर धरलेले दोघांचे हात वर गेले, गरमागरम. तिसरे सर. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या हातात अजून माझेच हातमोजे होते. "बाई, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही," ते म्हणाले आणि त्यांनीही हात वर केला.

मग मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सभेच्या वृत्तांतात डॉक्टरांनी त्याची नोंद "सदस्येनं आपल्या भावना व्यक्त केल्या" अशी केली. शेकोटी पेटती सोडून जायचं नसतं. समितीत ती विझवता येणारं कुणी नव्हतं, म्हणून तीही मीच विझवली.

घरी आले तेव्हा भाची स्वयंपाकघरात ओले मोजे दोरीवर टाकत होती. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती मोज्यांना चिमटे लावत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "सरांचे हात बरे आहेत ना आता?"

"चांगले बरे आहेत. त्यांनीच तर मत दिलं."

ती हसली नाही. मला वाटलं होतं ती आदळआपट करेल, ओरडेल. तिनं ओरडावं अशी माझी फार इच्छा होती. तिनं उरलेले मोजे वाळत घातले, हात पुसले आणि फोन घेतला. बाकी चौघींना कळवायचं होतं.

"तू जरा बाहेर जातेस?" ती म्हणाली.

"मी सांगते ना त्यांना. माझ्यामुळे झालंय."

"नको. तू इथे असलीस की मला 'मावशीनं केलं ते बरोबरच केलं' असं म्हणावं लागेल. म्हणणार आहे मी ते. पण आज नाही."

मी बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.