उतारावरचा चौतीस

टेकडीवरच्या क्लबच्या आवारात रविवारी सकाळी अशी गर्दी उसळली होती, की आत काहीतरी फुकट वाटतायत असं वाटावं. सगळ्यांच्या माना एका मोठ्या पडद्याकडे वळल्या होत्या. टेकडी उतरणाऱ्या एका गाडीच्या डॅशबोर्डावरचा आकडा त्यावर दिसत होता. अठरा. पंचवीस. चौतीस!

"चौतीस!" दातांचे डॉक्टर ओरडले आणि त्यांनी शेजारच्या वकिलांना चक्क मिठी मारली. लिटरला चौतीस किलोमीटर, आणि तेही आटोपशीर बांध्याच्या, मऊ चामड्याच्या सीटा असलेल्या आलिशान सेडानने, जी एरवी गावात नऊच्या वर जायला तयार नसते! वकिलांना गाडीच नव्हती, पण त्यांनीही डोळे पुसले.

हा चमत्कार घडवणाऱ्या गृहस्थांना लोक ॲव्हरेजगुरू म्हणत. अंगात राखाडी सूट, गालाशी माईक, हातात सोनेरी तबकडी. ती पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला चिकटवली, की म्हणे पेट्रोलचे कण शिस्तीत उभे राहत.

"तुमचं पेट्रोल रागावलंय," गुरू सांगत. "त्याला जीव लावा. पाय हलका ठेवा, टायरमध्ये हवा पुरी ठेवा, डिकीतलं सामान काढा, एसी बेताचा लावा. आणि सहा महिने गाडीला मेकॅनिकचा हात लागू देऊ नका. हात लागला की वलय तुटतं! वलय राखा, खर्च वाचवा."

यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. वलय म्हणजे काय ते कुणालाच माहीत नव्हतं, खर्च मात्र प्रत्येकाला पाठ होता.

गर्दीच्या मागे शाळेतल्या विज्ञानाच्या बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्या नवऱ्याच्या आग्रहाखातर आल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान. गेल्या वर्षी त्यांनी असलीच सेडान घेतली आणि त्या दिवसापासून ते पायी चालू लागले, कारण पेट्रोल परवडेना. गाडी दारात उभी असे आणि हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवत. डॅशबोर्डाच्या पडद्यावरचं प्लास्टिकसुद्धा त्यांनी अजून काढलं नव्हतं. मग गुरू भेटले, तबकडी आली, आणि औषधवाल्यांनी सहा महिन्यांचं व्रत कडक पाळलं. ॲव्हरेज नऊचं अकरा झालं. पाय हलका, हवा पुरी आणि डिकी रिकामी ठेवली तर ते कुणाचंही होतं, असं बाईंनी सांगून पाहिलं. पण श्रेय पायाला देण्याइतके ते साधे नव्हते.

बाईंना त्या दिवशी दोन गोष्टी खटकल्या. गाडी सुटण्याआधी गुरूंनी स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले, तेव्हा त्यांचा अंगठा एका बटणावर बराच वेळ दाबलेला होता आणि आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या होत्या. दुसरं म्हणजे, गाडी पायथ्याच्या पेट्रोलपंपावर पोचताच त्यांनी कॅमेरा बंद करायला लावला. डॅशबोर्डावर मखमली कापड पडलं. "एक दिवस आकडा बघायचा नाही, ऊर्जा मुरायला हवी," अशी सक्त ताकीद.

घरी परतताना उतारावर गाडीचा ब्रेक खर्रर्र वाजला.

"अहो, ऐकलंत? ब्रेक घासतायत."

"पुढच्या रविवारी आपल्याच गाडीचा नंबर आहे. तोवर हात लावायचा नाही."

"आणि त्यानंतरच्या मंगळवारपासून लेक ही गाडी घेऊन हॉस्पिटलात नोकरीला जाणार. ह्याच उतारावरून!"

"अगं, सहा महिने झाले, काही झालं का? तू त्या माणसाला नुसती पाण्यात पाहतेस." असं म्हणून त्यांनी किल्ली खिशात टाकली. झोपतानाही ती त्यांच्या उशाखाली असे.

लेकीला नुकतंच लायसन्स मिळालं होतं आणि तिचा बाबांवर विश्वास होता. बाईंचा आठवडा डोळ्याला डोळा न लागता गेला. पोरीचं काही बरंवाईट झालं तर वलयाचं काय करायचं, हा प्रश्न कुणालाच पडत नव्हता, आणि त्याचा त्यांना संताप येत होता.

रविवारी गुरूंनी घोषणा केली, "आज नवशिकी मुलगी गाडी चालवेल! चमत्कार हात बघत नाही, श्रद्धा बघतो." लेक कौतुकाने पुढे निघाली. गुरू शेजारच्या सीटवर बसले. बाई गाडीपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"गुरुजी, बसा की, बसा. फक्त एक सांगते. तुमच्या आज्ञेप्रमाणे सहा महिने गाडी मेकॅनिकला दाखवली नाही. ब्रेक घासतायत, आठवडाभर खर्र वाजतायत. पण वलय आहे ना, काही व्हायचं नाही."

गुरू इतक्या चपळाईने बाहेर आले, की माईक सीटवरच राहिला.

"दुसरी... दुसरी गाडी घेऊ," ते म्हणाले.

औषधवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पण गुरुजी, तुम्हीच तर म्हणालात... माझी पोर बसणार होती त्यात!"

दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या मनाने आपली गाडी पुढे केली. "हिचे ब्रेक ठणठणीत आहेत," ते म्हणाले आणि मग जीभ चावली. त्यांनी चोरून सर्व्हिसिंग करून घेतलं होतं.

बाईंनी त्यांच्याकडून किल्ली घेतली. "मी चालवते. गुरुजी, तुम्ही शेजारी बसा. लेक मागे फोन धरून बसेल, म्हणजे सगळ्यांना पडद्यावर दिसेल."

गुरूंनी पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले आणि गाडी उतरली. पुन्हा चौतीस, पुन्हा जल्लोष. पंपापाशी गुरूंनी खिशातून मखमली कापड बाहेर काढलं. "बास! कॅमेरा बंद!"

"चालू ठेव गं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी वळवून चढाला लावली.

लेकीने एकदा गुरूंकडे पाहिलं, एकदा आईकडे. फोन हलला नाही. आकडा घसरू लागला. तीस. बावीस. पंधरा. "थांबा! ऊर्जा फाटेल!" गुरू ओरडले. क्लबच्या फाटकाशी आकडा नऊवर आला.

बाई उतरल्या. त्यांनी झाकणाची तबकडी उचकटून गुरूंच्या हातात दिली. "डॉक्टर, आता तुम्ही चालवा. तबकडीशिवाय. हे स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरलं की जुना हिशोब पुसला जातो. मग उतारावर इंजिनाला पेट्रोल लागतंच किती?"

डॉक्टर गाडी घेऊन खाली गेले, मागे लेक फोन धरून. पडद्यावर चौतीस आला. गुरूंनी तेवढ्यात काढता पाय घेतला; जाताना त्यांच्या गाडीचा ब्रेक मात्र आवाज न करता, नव्यासारखा लागला.

"तुम्ही शिकलेली माणसं," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता आणि त्यांनी तो उतरवलाही नाही. "कुणी आकडा दाखवला, की टाळ्या वाजवण्याआधी विचारा, कुठून कुठे मोजलं? मग म्हणा, आता उलट्या दिशेने करून दाखव. पोरांचा जीव पणाला लावण्याआधी एवढं तरी विचारा हो!"

सोमवारी औषधवाले स्वतः गॅरेजमध्ये गेले. मेकॅनिकने काढलेला ब्रेकपॅड त्यांनी हातात घेतला. घासून घासून नुसतं लोखंड उरलं होतं.

मंगळवारी लेक नोकरीला निघाली. ते शेजारी बसले, पडद्यावरचं प्लास्टिक त्यांनी सोलून काढलं आणि टेकडीच्या माथ्यावर स्टिअरिंगवरचं ते बटण स्वतःच दाबलं. पायथ्याशी लेकीने ब्रेक दाबला. गाडी आवाज न करता थांबली.

"बाबा, चौतीस!"

"उतार आहे गं," ते म्हणाले.