दोघांच्या सह्या

वर्लीनने जाळीचं दार अर्धंच उघडलं आणि चौकटीत पाय रोवून उभी राहिली. टेक्सासात गारा पडल्या की छप्परवाले कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवतात. गोड बोलून सही घेतात आणि मग राहत्या घरावर बोजा चढवून मोकळे होतात. दारात उभा असलेला हा छप्परवाला इस्माएल तर फारच साळसूद दिसत होता.

"अल्फान्सनं करारावर सही केलीय ना? मग माझी कशाला?"

"कायदाच आहे, बाई. राहतं घर म्हटलं की काम सुरू व्हायच्या आधी नवराबायको दोघांच्या सह्या लागतात. नाहीतर माझे पैसे बुडाले तरी मला घरावर बोजा चढवता येत नाही."

"आणि मी सही केली की येईल! वा! बकऱ्यालाच सुरी आणायला धाडताय की!"

इस्माएल हसला नाही. यामुळे तिचा संशय आणखीच वाढला.

"अल्फान्स घरी असताना का नाही आलात?"

त्याने टोपी काढून हातात फिरवली. सापडला चोर, असं वर्लीनला वाटलं.

"ते म्हणाले, मी एकटाच राहतो. करारातही तसंच लिहायला लावलं. पण मागच्या दोरीवर बाईमाणसाचे कपडे वाळत होते. आमच्या धंद्यात आधी दोरी बघावी लागते, बाई."

"थट्टा केली असेल. सवयच आहे मेल्याला."

"असेल. पण छपराची एवढी घाई का, असं विचारलं, तर म्हणाले, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येतो, त्याच्या आत घर विकायचंय."

वर्लीन बाहेर येऊन पडवीतल्या बाकावर बसली. घर पहिल्यापासून अल्फान्सच्याच नावावर होतं. त्यात काही वावगं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आता मात्र तिला भीती वाटली. अंगणातली पीचची झाडं तिने स्वतः लावलेली होती. तिकडे बघतच तिने विचारलं,

"विकायलासुद्धा लागते का हो माझी सही?"

"लागते. तुमच्या सहीशिवाय विकता यायचं नाही त्यांना."

इस्माएलने बिचकत पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही.

"छप्पर गळेल, बाई."

"गळू दे. त्याला फोन लावा," वर्लीन म्हणाली, "आणि सांगा, बायको सही करत नाही म्हणून."