दुकान वाढवायचे आहे का?

परवा एक माणूस शिलाई मशीन काखोटीला मारून माझ्या दुकानासमोरून गेला. समोरून म्हणजे किती? पायरीला त्याची चप्पल घासली, इतका. मशीनच्या वजनानं एका बाजूला कलला होता, तरी दुसऱ्या हातात फोन आणि नजर फोनातच.

"अहो!" मी आतून हाक मारली. "मशीन दुरुस्तीला निघालात ना?"

"हो."

"मग या की आत. हेच दुकान आहे."

त्यानं मान वर केली. पाटी वाचली. परत फोनात बघितलं. "तुम्ही यात दिसत नाही," म्हणाला.

"त्यात नसेन. डोळ्यांना दिसतोय ना? हा बघा, आख्खा दिसतोय, पोटासकट."

बिचारा हसला, पण पायरी काही चढला नाही. पुलापलीकडे कुणीतरी आहे म्हणे, त्याला लोकांनी चांगले तारे दिलेत, आणि फोन तिकडेच न्यायला बघतोय. गेला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. त्याच्या पाठीकडे बघून मी जे काही बोललो ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

शेजारची लॉन्ड्रीवाली दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "काका, दगड मारायचाच बाकी राहिला होता तुमचा," म्हणाली.

"मारला असता. पण मशीन फुटलं असतं. मशीनचा काय दोष?"

थट्टा सोडा. मला खरंच घाम फुटला होता. कारण हा काही पहिला नव्हता. गिऱ्हाईक आटलं होतं, अगदी विहीर आटते तसं, आणि का ते मला कळत नव्हतं. आणि ते नुसतं गिऱ्हाइकाचं दुखणं नव्हतं, माझ्या जगण्याचा सवाल होता.

झालं असं होतं. बायको गेली तेव्हा मुलगी आली होती. लांब राहते ती, समुद्रापलीकडे. दिवसकार्य उरकल्यावर परत निघायच्या आधी माझ्यासमोर बसली. "बाबा, चला माझ्याकडे. एकटे काय करणार इथे?" मी म्हटलं, दुकान आहे. ती म्हणाली, दुकानात येतं कोण? बरीच वादावादी झाली. माझा आवाज चढला, तिचा त्याहून चढला. आमच्याकडे सगळ्यांचा गळा एकाच साच्यातला. शेवटी तीच म्हणाली, "ठीक आहे. वर्षभर बघा. गिऱ्हाईक आलं तर राहा, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आलं तर माझ्याकडे यायचं." मी हो म्हटलं. मग तिनंच माझ्या फोनात दुकानाचं पान बनवलं. पत्ता टाकला, नकाशावर लाल टिंब लावलं, मला मशीनपाशी बसवून फोटो काढला. "आता 'शिलाई मशीन दुरुस्ती' असं कुणीही शोधलं की तुम्ही दिसणार," म्हणाली.

पहिले काही आठवडे दिसलोही. एक शाळेच्या बाई आल्या, एक पडदेवाला आला. मग हळूहळू सगळं थंडावलं.

मला जायचं नव्हतं. मुलीवर जीव नाही असं नाही, तिच्यावाचून मला आहे कोण? पण तिकडे मी काय करू? सोफ्यावर बसून भिंती मोजू? इथे वरच्या खोलीत उठतो, जिना उतरतो, शटर उचलतो की मी कुणीतरी असतो. इथे कुठल्या मशीनचे टाके का सुटतात ते मी नुसता आवाज ऐकून सांगतो. तिथे मी फक्त 'आजोबा' असणार, सोसायटीच्या बाकावरचा.

पण एकटेपणाही खोटा नाही. बायको होती तेव्हा संध्याकाळी जिन्यातून हाक यायची, "अहो, वाढवा आता दुकान, मी पानं वाढते." रोज तेच. 'बंद' हा शब्द तिला दुकानात चालायचा नाही. नव्यानव्यानं मी एकदा "दुकान बंद करून येतो" म्हणालो तर जिना उतरून खाली आली होती भांडायला. बंद होतं ते दिवाळं निघालेल्याचं. आपण वाढवायचं, उद्या परत उघडायचं. तेव्हापासून माझ्याही तोंडात तेच बसलं. आता हाक मारायला कुणी नाही, म्हणून मी शटर उशिरापर्यंत वर ठेवतो. वर जाऊन तरी काय करायचं? ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवायचं, ताटली धुवायची, झोपायचं. खाली निदान मशीनला तेल घालता येतं. चिंधीवर उगाच चार ओळी टीप मारता येते.

रविवारी मुलीचा फोन यायचा तेव्हा तर मी रिकाम्या मशीनवर पाय चालवायचो. तिला आवाज ऐकू यावा म्हणून. "रविवारीही काम?" ती विचारायची. "मग काय, उसंत नाही!" मी सांगायचो. मग ती दुसरंच काहीतरी विचारायची. तुम्हाला थंडी कितपत सोसते? गादी मऊ लागते की कडक? मी म्हणायचो, बाई गं, तुला काय करायच्यात माझ्या गाद्या.

तर परवा तो माणूस गेला आणि लॉन्ड्रीवालीनं माझ्या पुढ्यात हात पसरला. "आणा इकडे फोन. बघू तुम्ही कुठे गायब झालात ते."

ती बोटानं वरखाली करत असतानाच फोन किणकिणला. मी म्हटलं, "आला बघ मेला. रोज संध्याकाळी डोकं उठवतो. दाब ते 'नको'."

"काय आहे?"

"वाच की."

तिनं मोठ्यानं वाचलं, "'आपले दुकान वाढवायचे आहे का? हो. नको.'"

"बघितलंस? अगं, ही माझ्या बायकोची जागा घ्यायला निघालीये अवलाद! दुकान कधी वाढवायचं ते मी ठरवीन. तू कोण टिकोजीराव? मी रोज ठणकावून 'नको' दाबतो. कधीकधी दोनदा दाबतो."

लॉन्ड्रीवाली माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं तोंडाला पदर लावला आणि खाली पायरीवरच बसली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काका! अहो, वाढवायचं म्हणजे मोठं करायचं! गिऱ्हाइकं वाढवायची आहेत का, असं विचारतोय तो तुम्हाला! आणि खाली हे बारीक अक्षरात काय लिहिलंय, वाचलंत का कधी? 'नको असे उत्तर आल्यामुळे आपले पान सध्या लपवले आहे.'"

दुकान टिकावं म्हणून मी रोज जे बटण त्वेषानं दाबत होतो, त्यानंच मी स्वतःला पुसून टाकत होतो. स्वतःच्याच पायावर धोंडा, तोही रोज, नेमानं. हसावं की रडावं? मी आधी हसलो. मग बायकोला हे सांगायला हवं असं मनात आलं आणि हसू तिथेच थांबलं.

लॉन्ड्रीवालीनं 'हो' दाबलं. आणखी दोन-चार ठिकाणी बोटं मारली. आणि अंधार पडायच्या आत सगळ्या गल्लीला गोष्ट सांगून झाली.

आज दुपारी एक बाई आल्या. फोन हातात, आणि थेट पायरी चढून आत. मागच्याच रस्त्यावर राहतात म्हणे, कित्येक वर्षं. "इतक्या जवळ कुणी आहे हे ठाऊकच नव्हतं हो," म्हणाल्या. त्यांच्या आईचं मशीन होतं, दोरा सारखा तुटत होता. शटलमध्ये जुनी दोऱ्याची गुंतवळ अडकली होती, ती मी चिमट्यानं काढली, तेल दिलं, चिंधीवर टीप मारून दाखवली. बाईंनी त्या टिपेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आई असती तर खूश झाली असती." त्या गेल्यावर अर्ध्या तासात दोन फोन आले, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे विचारायला.

मला राहवेना. रविवार नव्हता, तरी मी मुलीला फोन लावला. तिच्याकडे नुकतंच उजाडलेलं असणार.

"काय झालं बाबा?" ती घाबरूनच बोलली.

"काही नाही गं, घाबरू नको! ऐक, तुझ्या बापाची अक्कल ऐक." आणि मी सगळं सांगितलं. बटण, टिकोजीराव, लॉन्ड्रीवालीचं हसणं, आजची बाई. रंगवून सांगितलं. "दिसायला लागलो परत! जिंकलो बघ मी."

पलीकडे हसू ऐकू आलं नाही.

"ऐकतेस ना?"

"हो बाबा. छान झालं." मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही दुकान काढून टाकलं नव्हतं."

"मी कशाला काढीन?"

"मी रोज शोधायचे तुम्हाला. कामावर जाताना. दुकान शोधलं की तो फोटो यायचा ना, तुम्ही मशीनपाशी बसलेले. तेवढाच बघायचे. मग एक दिवस तो आलाच नाही. मला वाटलं, तुम्ही यायचं ठरवलंत. तोंडानं सांगायला जड जातंय म्हणून ते मशीनचे आवाज वगैरे चाललेत." तिचा आवाज बारीक झाला. "मी मागची खोली रिकामी केली बाबा. गादी आणली. खिडकीखाली टेबल लावलंय, तुम्हाला काही खुडबुड करायची असली तर. पोरगी शाळेत सगळ्यांना सांगून बसलीये, आजोबा येणार म्हणून."

मी समोरची चिंधी उलगडली, परत घडी घातली.

"असू दे," तीच म्हणाली. तिनं नाक ओढलेलं मला ऐकू आलं. "शब्द म्हणजे शब्द. गिऱ्हाईक आलंय, तुम्ही राहा. टेबल तिला अभ्यासाला होईल."

ते टेबल तसंच राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. मी येईन, महिनाभरासाठी तरी येईन. जन्मभर तोंडाळ म्हणून गाजलेला माणूस मी, आणि चार शब्द जिभेवर येईनात. तिनं आणखी एकदा नाक ओढलं आणि मी घाईघाईनं म्हणालो, "बरं, ठेवतो गं, गिऱ्हाईक आलंय."

फोन ठेवला. दुकानात कुणी नव्हतं.