बशीभर धूळ

“माझ्या गाद्यांना विष म्हणतेस?” थोरल्या दिरांनी विचारलं, आणि जेवणाऱ्या सगळ्यांचे हात थांबले.

धाकटीनं विष हा शब्द उच्चारलाही नव्हता. ती प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. काचेच्या बशीत ठेवलेल्या, रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींवर घराघरांतली धूळ सोडायची आणि त्या किती बिथरतात ते मोजायचं, हे तिचं रोजचं काम. घरात खाली दिरांचा गाद्या भरण्याचा कारखाना होता आणि त्याला लागूनच सासूबाईंची खोली. वर्षभर त्यांचा खोकला हटत नव्हता. शेवटी साहेबांची परवानगी काढून तिनं त्या खोलीतल्या कपाटावरची धूळ नेली, रक्त स्वतःचंच दिलं. पेशी अशा खवळल्या, की तिनं सगळं पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

तेवढंच तिनं सांगितलं होतं. आईंना वरच्या खोलीत आणू या, म्हणाली होती.

“म्हणजे आईचा खोकला माझ्यामुळे, हे सिद्ध झालं?”

हो म्हणून टाकणं सोपं होतं. “नाही,” ती म्हणाली. “बशीतल्या पेशी म्हणजे अख्खा माणूस नव्हे. पण—”

“मग विषय संपला. याच धुळीवर तुझा नवरा शिकला.”

नवऱ्यानं भातावर आमटी वाढून घेतली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, शिकलेल्या सुनेला घर फोडायला बशीभर धूळही पुरते.

जाऊबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. धाकटी कामावर जाण्याआधी सासूबाईंची खोली ओल्या फडक्यानं पुसायची. आठवड्याभरात त्या आतून कडी लावून घेऊ लागल्या.

दोन महिन्यांनी, धाकटीच्या सुट्टीच्या एका दुपारी ती कडी निघाली. कारखाना जोरात चालू होता. सासूबाई उशी काखोटीला मारून लेकासमोरून गेल्या आणि जिना चढू लागल्या. पायरीपायरीला थांबत होत्या. दीर हातातलं काम सोडून बघत राहिले. धाकटी धावत खाली आली, हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला.

“तू खरी ठरलीस म्हणून येत नाहीये,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “खाली जीव घुसमटतो म्हणून येतेय.”

उशी तरी द्या, ती म्हणाली. तीही त्यांनी दिली नाही. उरलेल्या पायऱ्या धाकटी त्यांच्यामागून एकेक करत चढली. तोल गेलाच तर सावरता यावं इतक्या अंतरावर, रिकामे हात पुढे धरून.